परसातली दहा झाडे

ज्याच्या शेतात टोमॅटो पिकतो त्याच्या परसात टोमॅटोची वेगळी झाडे कशाला, असा प्रश्न आमच्याकडे येणारे पाहुणे हटकून विचारतात. आमचे गाव जुन्नर तालुक्यात. नारायणगावचा टोमॅटोचा बाजार आम्हाला जवळ. उन्हाळ्यात नि पावसाळ्यात बांबू, तार आणि सुतळीने बांधलेले टोमॅटोचे प्लॉट इकडे जिकडेतिकडे दिसतात. आमचाही एकरभर असतो. तरी न्हाणीच्या मागे दहा झाडे दरसाल उभी राहतात, आणि ती मी लावते. आमच्याच नव्हे, आळीतल्या बऱ्याच घरांमागे अशी चार-दोन झाडे तुम्हाला दिसतील. त्याची कारणे दोन. एक गोड, एक आंबट. गोड आधी सांगते, आंबटाला थोडा वेळ लागेल.

१९८१ साली मी या घरात नांदायला आले. तेव्हा आमच्या शेतात बाजरी, कांदा आणि विहिरीला पाणी असेल तेवढाच भाजीपाला होई. परसात मात्र आमच्या आत्याबाईंचे, म्हणजे सासूबाईंचे राज्य. वांगी, मिरची, गवार, न्हाणीच्या छपरावर दुधीचा वेल. माहेराहून येताना आईने लुगड्याच्या चिंधीत टोमॅटोचे बी बांधून दिले होते. वाण गावरान. फळ लिंबाहून थोडे मोठे, अंगावर भोपळ्यासारख्या रेघा, साल पातळ आणि चव आंबटगोड. आत्याबाईंना ते मुळीच पसंत पडले नाही. "हे कसलं गं रगतासारखं वांगं?" असे त्या म्हणाल्या.

वांगे म्हणाल्या त्यात तथ्य होते. टोमॅटो, वांगी, बटाटा आणि मिरची ही चारी एकाच कुळातली भावंडे. त्यांतले वांगे तेवढे आपल्याकडचे, बाकीची तिघे सातासमुद्रापलीकडून आलेली. टोमॅटोचे मूळ दक्षिण अमेरिकेत. मेक्सिकोतल्या लोकांनी त्याला मळ्यात आणून वाढवला आणि त्यांच्या 'तोमात्ल' या शब्दावरून त्याचे आजचे नाव पडले. पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर तो आपल्या किनाऱ्याला लागला. आपल्याकडे कुणी त्याला टमाटे म्हणते, विदर्भात भेदरे म्हणतात. एवढ्या लांबून आलेला हा पाहुणा आता घरचाच होऊन बसला आहे.

आत्याबाईंचे मन कसे वळले तेही सांगते. एका हिवाळ्यात त्या तापाने पंधरा दिवस अंथरुणाला खिळल्या. तोंडाची चव गेली, भाकरीकडे बघवेना. मी परसातले पाच-सहा पिकले टोमॅटो उकडून, गाळून, जिरे-कढीपत्त्याची फोडणी आणि गुळाचा खडा घालून सार केले. एक वाटी संपली, दुसरी मागितली. उठून हिंडायला लागल्यावर पहिल्याच सकाळी त्यांनी तांब्या घेतला आणि झाडांना पाणी घातले. त्या दिवसापासून ती 'माझी झाडं' झाली, आणि शेवटपर्यंत मला त्यांच्या परवानगीवाचून फळ तोडता आले नाही.

तर गोड कारण म्हणजे चव. यात बाजारच्या टोमॅटोला नावे ठेवायचा माझा हेतू नाही, तो आम्हीच पिकवतो. त्याला कॅरेटमध्ये एकावर एक बसून, ट्रकमधून शेकडो कोस जायचे असते. म्हणून वाणच जाड सालीचा आणि घट्ट गराचा निवडतात, आणि बुडाशी जराशी गुलाबी छटा दिसली की फळ तोडतात. बाकीचा रंग त्याला वाटेत चढतो. रंग चढतो हो, पण वेलीवर शेवटपर्यंत राहिलेल्या फळाची गोडी त्यात कुठून येणार? परसातल्या फळाला कुठेच जायचे नसते. ते पुरते लाल होऊन, हात लावताच देठ सोडील इथवर थांबू शकते. सकाळी तोडावे, दुपारी मीठ लावून भाकरीबरोबर खावे. एक सांगते, ते फ्रिजमध्ये ठेवू नका. गारठ्यात चव मरते. टोपलीत, देठाकडची बाजू खाली करून, सावलीत ठेवा.

आता तुम्ही म्हणाल, लावायची कशी ते तरी सांगा. परसासाठी सर्वांत सोपा हंगाम हिवाळ्याचा. गणपतीच्या दिवसांत बी टाकावे, दसऱ्याच्या सुमारास रोपे लावावीत. मार्गशीर्षात पहिले फळ मिळते आणि संक्रांतीच्या भोगीला पाटी भरते. थंडीत फूल चांगले धरते. रात्रीची हवा १५ ते २० अंशांची असली की झाड खूश असते. चैत्र-वैशाखात पारा ३५ च्या वर चढला की फुले नुसती गळतात, आणि जी फळे धरतात ती लाल न होता पिवळट-नारिंगी राहतात. त्यात खताचा दोष नसतो, लाल रंग भरायलाच हवा थोडी थंड लागते.

बी एखाद्या जुन्या पाटीत किंवा फुटक्या माठाच्या बुडात टाकावे. निम्मी माती, निम्मे कुजलेले शेणखत. बी नखभर खोल, त्याहून खोल नको. आठवडाभरात उगवते. पंचवीस-तीस दिवसांत रोप वीतभर होते, त्याला पाच-सहा पाने येतात. ते संध्याकाळी लावावे, दुपारच्या उन्हात नव्हे. आणि एक गंमत ध्यानात ठेवा. टोमॅटोचे रोप खालच्या पानांपर्यंत मातीत पुरले तरी त्याचे वाईट वाटून घेत नाही. पुरलेल्या खोडाला नवी मुळे फुटतात आणि झाड जोम धरते. मिरचीच्या रोपाला मात्र असे कधी करू नका. दोन झाडांत दोन फूट अंतर हवे, आणि दिवसाला सहा-सात तास ऊन हवे. भिंतीच्या सावलीत लावलेले झाड उंच जाते, पण फळाच्या नावाने शून्य.

गेल्या वर्षी जिथे वांगी, मिरची, बटाटा किंवा टोमॅटोच होता तिथे यंदा टोमॅटो लावू नये. भावंडे एकाच ताटात जेवली की एकाचा आजार दुसऱ्याला लागतो. त्या जागी मेथी, कोथिंबीर, घेवडा घ्यावा. माझ्या परसात तीन वाफे आहेत, ते मी पाळीपाळीने फिरवते.

झाड गुडघ्याएवढे झाले की काठी रोवून सुतळीने सैल बांधावे. पान आणि खोड यांच्या बेचक्यात जी बगलफूट येते ती खालून फूटभर तरी काढून टाकावी, म्हणजे बुडाशी हवा खेळते. हे काम केल्यावर हात हिरवे-काळे होतात आणि तो वास दिवसभर बोटांना राहतो. मला तो वास आवडतो. आमचे घरधनी म्हणतात, "तुझ्या हाताला सणासुदीलासुद्धा परसाचा वास." म्हणोत बापडे.

फूल आल्यावर सकाळी उन्हं वर आली की काठीला हलकी टिचकी मारावी. टोमॅटोच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात, पराग झटकला की काम होते. वारा ते करतो, आणि काळा भुंगा तर फार छान करतो. तो फुलाला लटकून गुणगुणला की त्या थरथरीने पराग खाली पडतो. मधमाशीला ही कला येत नाही. म्हणून भुंग्याला हाकलू नका, तो तुमचा बिनपगारी गडी आहे.

पाण्याचा नेम मात्र मोडू नये. चार दिवस कोरडे आणि पाचव्या दिवशी घागरभर, असे केले की फळे तडकतात. फळाच्या बुडाला काळा, चपटा डाग पडतो तोही बहुतेक वेळा पाण्याच्या हेळसांडीनेच. मातीतला चुना फळापर्यंत पोचायला पाणी रोज सारखे लागते. बायका अंड्याची टरफले घालतात. घाला, पण ती विरघळायला फार काळ लागतो. रोजचे दोन तांबे पाणी त्याहून लवकर गुण देते. बुडाशी पालापाचोळा किंवा बाजरीचे सरमड पसरले की ओल टिकते. डाळ-तांदूळ धुतलेले, भाजी धुतलेले पाणी खुशाल घाला. कपड्यांच्या साबणाचे नि भांड्यांच्या पावडरीचे पाणी नको.

आता अडचणी. पहिली अडचण दोन पायांची, म्हणजे कोंबडी. फळ लाल झाले रे झाले की चोच मारलीच. जुन्या लुगड्याचा आडोसा किंवा बाभळीच्या काट्यांचे कुंपण करा. दुसरी अडचण चार पायांची, पण ती सर्वांकडे नसेल. आमच्या जुन्नर भागात उसाच्या आडोशाने बिबट्याचा वावर आहे. आत्याबाई पहाटे अंधारात परसात जात, मी पुरते उजाडल्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकत नाही, आणि सुनेलाही टाकू देत नाही. टोमॅटो तासभर थांबेल.

तिसरी अडचण सहा पायांची. पांढरी माशी पानाखाली बसते आणि बोकड्या आणते. पाने वळून, लहान होऊन, झाड बकरीने चावल्यासारखे दिसते. त्याला औषध नाही. पहिले झाड दिसताच उपटून जाळावे, जीव तुटला तरी. फळ पोखरणाऱ्या अळीसाठी झेंडू लावा. टोमॅटोचे रोप महिन्याभराचे असते तेव्हा झेंडूचे रोप सव्वा-दीड महिन्याचे हवे, म्हणजे दोघांना फूल एकदमच येते, आणि अळीचा पतंग अंडी घालायला झेंडूच्या कळीकडे वळतो. त्या कळ्या मग खुडून टाकायच्या. शिवाय ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी गाळून, चिमूटभर साबण घालून शिंपडा. दहा झाडांना एवढे पुरते.

आणखी एक, थोडे अवघड बोलते. तंबाखू मळलेल्या किंवा मिश्री लावलेल्या बोटांनी झाडाला हात लावू नये. तंबाखूतला एक रोग टोमॅटोलाही होतो आणि तो बोटांवरून जातो. हात राखेने किंवा साबणाने स्वच्छ धुवा. मिश्री सोडलीत तर झाडाचेही भले आणि तुमचेही.

एवढे केले तरी काही वर्षे करपा येतो आणि दहातली चारच झाडे उरतात. परसाचे हेच बरे असते. तिथे गेले तर गेले, कर्ज होत नाही.

आता आंबट कारणाकडे येते.

आमच्या शेतात टोमॅटोचा प्लॉट आला तसा फवाराही आला. एकरभर झाडे एकाच जागी, एकाच वाणाची. तिथे अळी शिरली की निंबोळीच्या अर्कावर भागत नाही. रोपे, मल्चिंगचा कागद, ठिबक, बांबू, तार, मजुरी, सगळ्याला पैसा लागलेला असतो. व्यापाऱ्याला डाग नसलेले फळ हवे, कारण त्याच्या गिऱ्हाइकाला तसे हवे. मग माणूस पंप पाठीला लावतो. हे मी समजते. पण हळूहळू आळीत एक रीत पडून गेली. बाजारसाठी प्लॉटातले आणि घरासाठी परसातले. कुणी तसे ठरवले नव्हते, आणि कुणी त्यावर बोलतही नसे.

बोलली ती आमच्याकडे तोडणीला येणारी एक बाई. दिवस मावळला की मजुरीबरोबर बायांना चार-चार फळे द्यायची आमच्या घरची पद्धत. एकदा मी तिच्या ओच्यात प्लॉटातले टोमॅटो घालायला गेले, तर तिने ओचा मागे घेतला. म्हणाली, "काकू, त्यातले नको. परसातले दोनच द्या, पण ते द्या." तिच्या घरी लहान लेकरू होते. दिवसभर तिनेच ती फळे तोडली होती, सकाळी पानांवरचे पांढरे डाग तिनेच पाहिले होते. मी परसातले दिले. ती रागावून बोलली नव्हती, लाजतच बोलली होती. पण रात्री जेवताना मी ते घरात सांगितले तेव्हा कुणाचा घास लवकर खाली उतरेना.

आम्ही तेव्हा औषधांची पुडकी-बाटल्या कपाटातून काढून चिकटवलेले कागद वाचले. सुनेने वाचले, तिची नजर चांगली. त्यावर त्रिकोण असतो, तो तुम्हीही पाहा. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. आणि प्रत्येकावर लिहिलेले असते, फवारल्यापासून तोडणीपर्यंत किती दिवस थांबायचे. कुठल्याला तीन, कुठल्याला पाच, कुठल्याला त्याहूनही जास्त. अक्षर बारीक, पण लिहिलेले असते. मी म्हटले, "अहो, या घराला एवढाच एक नियम पुरे. ज्या दिवशी प्लॉटातले फळ मला घरात चिरता येईल, त्या दिवशी ते बाजारात जाऊ द्या. त्याच्या आधी नको." घरधनी हो म्हणाले. थोरलाही हो म्हणाला. पण मंदीत हो म्हणायला काय जाते?

मग आले २०२३ साल. तुम्हाला ते आठवत असेल. मे महिन्यापर्यंत टोमॅटोला कुणी विचारत नव्हते, तोडणीची मजुरीही निघत नाही म्हणून लोकांनी माल रस्त्यावर ओतला. आणि जुलैत असा काही भाव चढला की नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या कॅरेटने दोन हजारांचा आकडा ओलांडला. शहरांत किलोला शंभर-दीडशे आणि त्याच्याही पुढे. प्लॉटात रात्री राखण बसवावी लागली. आमचा माल ऐन तोडणीला होता, आणि त्याच आठवड्यात पावसाची झड लागून करपा नि अळी दोन्ही दिसली म्हणून फवारा घेतलेला. पुडक्यावर लिहिले होते, पाच दिवस.

दुसऱ्या दिवशी थोरला सकाळीच म्हणाला, "आई, उद्या तोडतो. असा भाव माझ्या जन्मात पाहिला नाही. पाच दिवसांत काय होईल कोण सांगावं?" तो हावरट नाही हो. त्याच्या डोक्यावर सोसायटीचे कर्ज होते, आणि मागच्या दोन हंगामांत प्लॉटाने मुद्दलही परत केले नव्हते. शिवाय त्याचे म्हणणे खरे होते. पाच दिवस थांबले तर फळ लालभडक होते, लांबच्या गाडीला ते चालत नाही, जवळपास कमी भावाने द्यावे लागते. "सगळेच तोडतायत आई," तो म्हणाला. "आपण एकट्याने थांबून कुणाचं पोट भरणार?" मी त्याला उत्तर दिले नाही, कारण माझ्यापाशी नव्हते. मी प्लॉटातली दोन फळे आणून ताटात ठेवली, विळी ओढली आणि घरधन्यांकडे पाहिले. म्हटले, "चिरू? नातवाला देऊ?"

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शनिवारी तोडू."

शनिवारी तोडले. अर्धा माल जास्त पिकलेला निघाला, तो जवळच्या बाजारात उतरत्या भावाने गेला. बाकीच्याला चांगले पैसे झाले. आदल्या दिवशी तोडला असता तर किती झाले असते तो आकडा थोरल्याने वहीत लिहून ठेवला आहे, आणि तो आकडा लहान नाही. कर्जाचा एक हप्ता त्या वर्षी राहिला. हे मी मुद्दाम सांगते, कारण चांगले वागले की देव लगेच ओंजळ भरतो अशी गोष्ट सांगून मला तुम्हाला फसवायचे नाही. सप्टेंबरात तर भाव पुन्हा कोसळला, आणि तोडलेल्यांचे नि थांबलेल्यांचे सगळ्यांचेच टोमॅटो सारखे मातीमोल झाले.

पण त्यानंतर थोरल्यानेच डोके चालवले. आता आमच्याकडे आधी तोडणी आणि लगेच त्याच संध्याकाळी फवारा. रंग धरलेले एकही फळ झाडावर ठेवायचे नाही. टोमॅटोची तोडणी तशीही तीन-चार दिवसांनी येते. औषध निवडताना थांबण्याचे दिवस कमी असलेले निवडले की पुढच्या तोडणीपर्यंत ते दिवस आपोआप भरतात, आणि माल जास्त पिकत नाही. प्लॉटाच्या कडेने माझ्या परसातल्यासारखा झेंडू लागला. कामगंध सापळे टांगले. पतंग सापडायला लागले की मगच फवारा, नुसती तारीख आली म्हणून नाही. फवारे बंद झाले असे मी म्हणणार नाही, पण कमी झाले, आणि औषधाचे बिलही कमी झाले. वहीतल्या त्या आकड्याखाली आता हेही आकडे लिहिले जातात.

आणि प्लॉटाच्या तोंडाशी पहिल्या बांबूला नातवाची जुनी पाटी टांगली आहे. तिच्यावर खडूने दोनच ओळी असतात. फवारा कधी मारला, आणि तोडणी कधीपासून. पावसात पुसली गेली की पुन्हा लिहायची. हे काम सुनेकडे आहे. ती तोडणीची बाई अजून येते. आता ती प्लॉटातले टोमॅटो नेते, पण आधी पाटी वाचते. तिला वाचता येते हे मला त्या पाटीमुळे कळले.

मग आता परसातली झाडे कशाला? मायबहिणींनो, आंबट कारण बरेचसे सरले तरी गोड कारण उरतेच. शिवाय परसातली झाडे आपण रोज पाहतो. एकराकडे माणूस लांबून पाहतो, दहा झाडांकडे पान उलटून पाहतो. पांढरी माशी कधी आली, करप्याचा पहिला ठिपका कधी पडला, हे मला परसात आधी कळते आणि मी प्लॉटवाल्यांना सांगते. एखाद्या घरात म्हातारी माणसे असतात ना, काही न करता दारात बसलेली, पण कोण आले कोण गेले ते त्यांनाच ठाऊक, तशी ही झाडे.

आणि शेवटचे कारण म्हणजे बी. प्लॉटातले वाण संकरित असतात. त्यांचे बी धरले तर पुढच्या पिढीत एक झाड एका तऱ्हेचे आणि दुसरे दुसऱ्या तऱ्हेचे निघते. गावरान वाणाचे बी मात्र आईसारखेच लेकरू देते. चांगल्या निरोगी झाडावरचे, दुसऱ्या-तिसऱ्या तोडणीचे, पुरते पिकलेले फळ निवडा. ते वाटीत पिळा, पाणी घालू नका, आणि एक-दोन दिवस तसेच ठेवा. वर फेस आला की बियांवरचा बुळबुळीत पदर सुटतो. मग चार पाण्यांनी धुवा. तरंगते ते फेकून द्या, बुडते ते ठेवा. सावलीत ताटलीवर वाळवा आणि कागदाच्या पुडीत घालून कोरड्या डब्यात ठेवा. तीन-चार वर्षे ते उगवते. पुडीवर साल लिहायला विसरू नका.

तुमच्याकडे असे जुने वाण उरले असेल तर यंदा दोन झाडे तरी लावाच. आळीत कुणी बी मागितले तर चिमूटभर द्या, हात आखडू नका. आमच्या घरचे वाण एका वर्षी बोकड्याने साफ गेले होते, ते मला शेजारणीच्या डब्यातूनच परत मिळाले, आणि तिला ते पूर्वी आत्याबाईंनी दिले होते. बी डब्यात राहिले तर जुने होते, वाटले तर गावात कुठे ना कुठे जिवंत राहते.